ट्रेक कुणासाठी कोणता? पर्वतीपासून राजगडापर्यंत, आपल्या दमाप्रमाणे वाट कशी निवडावी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांमध्ये सहलीचे वारे वाहू लागतात. पालकसभेत हमखास प्रश्न येतो, "यंदा सिंहगड करायचा का?" एक पालक म्हणतात, "सिंहगड काय, सोपाच आहे हो!" शेजारच्या ताई लगेच म्हणतात, "नको बाई, आमच्या लेकीला झेपायचं नाही." गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं. गड एकच असतो, पण चढणारे पाय वेगवेगळे असतात.

पेठेतल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी एक गोष्ट पाहिली असेल. सहलीच्या आदल्या दिवशी ठरावीक मुलांच्या पोटात दुखतं. मागच्या वर्षी शेवटी पोहोचलेली, सगळा वर्ग ज्यांची वाट बघत बसला होता, तीच ही मुलं असतात. एकदा असा अनुभव आला की मूल मनाशी ठरवून टाकतं, 'डोंगर आपल्यासाठी नाही.' पुढे ते मोठं होतं, पण गडावर काही जात नाही. म्हणून वाट निवडणं हे मला सहलीच्या तयारीतलं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं. ते कसं करायचं, ते आज पायरीपायरीने पाहू.

'सोपा' म्हणजे नेमकं काय?

आपण एखाद्या गडाला सोपा किंवा अवघड म्हणतो तेव्हा चार वेगळ्या गोष्टी एकत्र करून बोलत असतो. त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

१. अंतर: एकूण किती किलोमीटर चालायचं आहे? जाऊन-येऊन धरायचं.

२. चढ: पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती मीटर वर जायचं आहे?

३. वाट कशी आहे: पायऱ्या, मातीची पायवाट, मुरमाचा घसारा की हात लावून चढायचा कातळ?

४. परतीची सोय: मध्येच कुणाला थांबावं लागलं तर खाली आणता येईल का? वर गाडी जाते का? सावली आणि पाणी कुठे आहे?

यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो उंची आणि चढ यांचा. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १३१२ मीटर आहे. स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर १३४५ मीटरचा आहे. आकडे जवळजवळ सारखेच! मग दोन्हींची चढाई सारखी का? मुळीच नाही. बेन नेव्हिसचा पायथा जवळपास समुद्राच्या पातळीवर आहे, त्यामुळे तिथे तेराशे मीटर चढावंच लागतं. आपलं पुणे मुळातच सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलंय आणि सिंहगडाचा पायथा त्याहूनही वर आहे. आतकरवाडीतून निघालं की चढ साधारण ६०० मीटरचा उरतो. म्हणजे फलकावर लिहिलेली उंची वाचून घाबरायचं नाही आणि फुशारूनही जायचं नाही. आपण उभे आहोत तिथून वर किती, एवढंच विचारायचं.

हा चढ मुलांना मीटरमध्ये सांगून कळत नाही. मजल्यांमध्ये सांगा. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर ६०० मीटर म्हणजे दोनशे मजले. वाड्याचा किंवा बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना रोज चढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहतं. मग ते स्वतःच विचारतं, "बाई, मध्ये थांबता येईल ना?" हाच प्रश्न आपल्याला हवा आहे.

सव्वाशे वर्षांहून जुना एक हिशेब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातल्या वेळेचा एक साधा नियम मांडला. आजही जगभरातले डोंगरभटके तो वापरतात. आपल्या मापात तो असा:

दर ५ किलोमीटर अंतराला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास.

बस, इतकंच. आता हा नियम आपल्या वाटांना लावून पाहू.

तळजाईवर ४ किलोमीटर जवळजवळ सपाट चालायचं असेल तर ४८ मिनिटं. चढाचा वेळ जवळपास शून्य.

वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. शहराच्या पातळीपासून चालत निघालं तर चढ साधारण २४० मीटर. त्यासाठी २४ मिनिटं. वाट ४ किलोमीटरची धरली तर त्याची ४८. एकूण १ तास १२ मिनिटं.

आतकरवाडी ते सिंहगड ही पायवाट ३ किलोमीटरची धरू. त्याची ३६ मिनिटं आणि ६०० मीटर चढाचा १ तास. एकूण १ तास ३६ मिनिटं, तीही फक्त वर जाण्याची. म्हणजे अंतर तळजाईपेक्षा कमी आणि वेळ दुप्पट! 'तीन किलोमीटर तर आहे' म्हणून पालक निर्धास्त होतात, ते इथे चुकतं.

नेस्मिथचा हिशेब धडधाकट, सवय असलेल्या माणसाचा आहे. त्यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, बुटाची नाडी बांधायला थांबणं नाही. शाळेच्या गटासाठी उत्तराला दीडने गुणा. सिंहगडाचे १ तास ३६ मिनिटं मग जवळजवळ अडीच तास होतात. आणि उतार म्हणजे निम्मा वेळ, असं मुलांच्या बाबतीत धरू नका. सुट्या मुरमावरून उतरताना मुलं घसरतात, घाबरतात, बसत बसत येतात. उतरायलाही जवळपास चढण्याइतकाच वेळ हाताशी ठेवा. गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांना तर चढापेक्षा उतारच जास्त जड जातो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन मांडीच्या स्नायूंना आणि गुडघ्याला आवरून धरावं लागतं.

आपला दम कसा ओळखायचा?

वाटेचं माप झालं. आता आपलं माप. नेस्मिथच्या नियमात पुढे ट्रँटर नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सुधारणा केली. ८०० मीटर अंतरात ३०० मीटर चढ चढायला एखाद्याला किती मिनिटं लागतात, यावरून त्याची क्षमता ठरवायची आणि त्याप्रमाणे वेळ कमीजास्त करायची. कल्पना सुंदर आहे, कारण 'फिट आहेस का?' असं विचारण्यापेक्षा घड्याळ जास्त खरं बोलतं. आपल्याला एवढं काटेकोर जायची गरज नाही. घरच्या घरी करता येतील अशा तीन चाचण्या पुरतात.

बोलण्याची चाचणी. चढावर चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का? येत असेल तर वेग योग्य आहे. दोन-दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर अजून थोडं जोरात चालायला हरकत नाही.

जिन्याची चाचणी. तीन मजले सावकाश, न थांबता चढा. वर पोहोचल्यावर दोन मिनिटांत श्वास पूर्ववत झाला तर टेकडीपासून सुरुवात करता येईल. नाही झाला तर आधी पंधरा दिवस सपाटीवर चाला.

पर्वतीची चाचणी. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद, लांबट आणि चढायला सौम्य. एकदा चढून-उतरून पाहा. दुसऱ्या रविवारी लागोपाठ दोनदा. तिसऱ्या रविवारी तीनदा. तीन फेऱ्यांनंतर मूल खाली येऊन "आता भेळ!" म्हणत असेल तर त्याची तयारी झाली, असं समजा.

छातीत दुखणं, चक्कर, दमा, हृदयाचा त्रास, अलीकडचं आजारपण किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर या घरगुती चाचण्यांवर विसंबू नका. डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पाच पायऱ्या, आपल्याच आसपासच्या

पहिली पायरी: पेठ आणि सपाटी. सुरुवात घराच्या दारातून करा. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीपासून निघायचं. समोरच भिडे वाड्याची जागा, जिथे १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तिथून पासोड्या विठोबा, तांबडी जोगेश्वरी, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, मग शनिवारवाडा, लाल महाल आणि कसबा गणपती. रमतगमत दोन-अडीच किलोमीटर होतात आणि इतिहासाचा तासही होतो. रहदारीमुळे रविवारी सकाळी लवकर जावं. पुढची पायरी म्हणजे तळजाईचं वनक्षेत्र. रुंद वाटा, झाडी, मोर दिसण्याची शक्यता. आजी, आजोबा, पहिली-दुसरीची मुलं, नुकतेच आजारातून उठलेले, सगळ्यांना चालेल असं ठिकाण.

दुसरी पायरी: छोटी चढण. पर्वती, चतुःशृंगी, फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी. अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ. मध्येच परत फिरता येतं. आठवड्यातून दोनदा गेलात तर महिन्याभरात फरक जाणवतो.

तिसरी पायरी: तास-दीड तासाची टेकडी किंवा पायऱ्यांचा गड. वेताळ टेकडी इथे बसते. तिची सोय अशी की एआरएआयच्या रस्त्याने बरंच वर वाहनाने जाता येतं. त्यामुळे एकाच कुटुंबातले काही जण खालून चालत आणि काही जण वरून सपाटीने येऊन भेटू शकतात. गडांमध्ये लोहगड घ्या. लोहगडवाडीपासून वरपर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान, महा असे चार दरवाजे ओलांडत जाताना मुलांना आपोआप थांबे मिळतात. पण मळवली स्टेशनवर लोकलने उतरून चालत गेलात तर आधी लोहगडवाडीपर्यंतची भली मोठी चाल आहे. तेव्हा तोच लोहगड चौथ्या पायरीवर जातो! चौथीच्या मुलांसाठी जुन्नरचा शिवनेरी उत्तम. पायऱ्यांची वाट, सात दरवाजे, आणि पुस्तकातला शिवजन्माचा धडा प्रत्यक्ष समोर.

चौथी पायरी: खरा चढ. आतकरवाडीतून सिंहगड. वाट मळलेली आहे, रविवारी गर्दी असते, वाटेत ताक-सरबत मिळतं, चुकण्याची भीती फारशी नाही. पण चढ सलग आहे आणि सावली कमी. मावळातला तिकोना चढायला छोटा, पण शेवटच्या पायऱ्या उभ्या आणि उंच आहेत. लहान मुलांना तिथे हाताला धरून न्यावं लागतं. पाली दरवाजाने राजगड हाही याच पायरीवर. या वाटेला पायऱ्या आहेत आणि ती चोरदरवाजाच्या वाटेपेक्षा सौम्य आहे.

पाचवी पायरी: अख्खा दिवस आणि सवयीचे पाय. गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगड आणि वर बालेकिल्ला, वेल्ह्यातून तोरणा, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर). यातल्या काही टप्प्यांवर रेलिंग किंवा शिड्या धरून चढावं लागतं. दम असूनही उंचीची भीती वाटणाऱ्याला ही वाट अवघड जाते, हे लक्षात ठेवा. कात्रज ते सिंहगड ही वाट याच गटातली. नकाशावर सोळाएक किलोमीटर. पण तेरा टेकड्या चढा-उतरायच्या. प्रत्येकीला सरासरी ८० मीटर चढ धरला तरी एकूण १०४० मीटर होतो, म्हणजे सिंहगडाच्या जवळजवळ पावणेदोनपट! लपलेला चढ म्हणतात तो हा.

एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचा साधा नियम: आधीच्या पायरीवरची वाट दोनदा, दुसऱ्या दिवशी न लंगडता झाली असेल, तर पुढे जा.

गट मोजायचा कुणावरून?

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्गात चाळीस मुलं असतात आणि ती पाचही पायऱ्यांवर विखुरलेली असतात. बहुतेक वेळा सहल ठरते ती उत्साही मुलांकडे आणि उत्साही शिक्षकांकडे बघून. मग मागे पडणाऱ्यांचं काय होतं ते पाहा. पुढची मुलं धावत वळणावर पोहोचतात, दहा मिनिटं बसतात, पाणी पितात. शेवटचं मूल धापा टाकत तिथे येतं आणि त्याच क्षणी सर म्हणतात, "चला, आले सगळे, निघू या!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आपण याला 'स्टॅमिना नाही' म्हणतो. वास्तविक त्या मुलाने सर्वांत कमी विश्रांती घेऊन तोच डोंगर चढलेला असतो.

यावर उपाय अवघड नाहीत.

- सावकाश चालणारी मुलं पुढे, सराईत मुलं मागे. वेग पुढच्यांनी ठरवायचा.
- थांब्याची वेळ शेवटचं मूल पोहोचल्यावर मोजायला सुरू करायची.
- सर्वांत शेवटी एक शिक्षक कायम. त्यांनी कुणाच्याही पुढे जायचं नाही.
- परत फिरण्याची वेळ आधीच जाहीर करायची. साडेदहाला जिथे असू तिथून मागे. माथा राहिला तरी चालेल.
- शक्य असेल तिथे दोन वाटा ठेवायच्या. सिंहगडावर गाडीरस्ता आहे. काही मुलं चालत, काही वाहनाने आणि सगळे पुणे दरवाज्याजवळ एकत्र. तानाजी मालुसऱ्यांची समाधी, कल्याण दरवाजा, देवटाकं सगळ्यांनी मिळून बघायचं, पिठलं-भाकरी एकाच पंगतीत.

या शेवटच्या सूचनेत एक काळजी घ्यायची. 'गाडीवाले' हा कमीपणाचा शिक्का बनू देऊ नका. त्यांना कामं द्या. गडाची माहिती सांगणं, चालत येणाऱ्यांच्या वेळा टिपणं, नकाशा लावून ठेवणं. पुढच्या वेळी अर्ध्या वाटेपासून त्यांना चालत आणा.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. संमतीपत्रात 'काही आजार आहे का?' या रकान्यात बरेच जण सरळ 'नाही' लिहितात. भीती अशी की खरं सांगितलं तर मुलाला नेणारच नाहीत. पण दम्याचा पंप मुलाच्या खिशात आहे की घरी कपाटात, हे शिक्षकांना माहीत असणं फार गरजेचं आहे. आणि शिक्षकांनीही तो रकाना मुलांना गाळण्यासाठी वापरू नये. त्याच्या आधारे वाट निवडावी. दोन्ही बाजूंनी हा विश्वास असेल तरच खरी माहिती मिळते.

ऋतू आणि वेळ बघूनच

एकच वाट ऋतूप्रमाणे पायरी बदलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर तीच चौथी पायरी उन्हामुळे पाचवी होते. त्यामुळे उजाडताना सुरुवात आणि दहाच्या आत खाली, असा बेत हवा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ येतं, धुक्यात वाट हरवते आणि गर्दीने दरवाजे तुंबतात. अशा वेळी प्रशासन काही ठिकाणी बंदीही घालतं. ती पाळायची. शाळेच्या सहलीला भर पावसात पहिल्या दोन पायऱ्यांपलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे.

सामान थोडकंच: चढाच्या वाटेला माणशी दीड ते दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, टोपी, चांगली पकड असलेले बूट, शिट्टी. मुलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर-स्प्रे मारून जायचं नाही, धूर आणि आरडाओरडा करायचा नाही. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ मुलांनाही पाठ हवेत.

वर्गात करून पाहण्याजोगं

गणित (सहावी-सातवी): फळ्यावर तीन वाटांचं अंतर आणि चढ लिहा. नेस्मिथच्या नियमाने वेळ काढायला सांगा, मग दीडने गुणायला. शेवटी विचारा: सकाळी सातला निघालो तर खाली किती वाजता येऊ?

भूगोल (आठवी-नववी): भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असतं. पायथा ते माथा किती रेषा ओलांडल्या ते मोजा आणि २० ने गुणा. चढ मिळाला. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, हेही डोळ्यांनी दिसतं.

शारीरिक शिक्षण: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली हालचाल हवी. सहलीआधी सहा आठवडे प्रत्येकाने आपली नोंदवही ठेवावी. तुलना दुसऱ्याशी नको. आपल्याच मागच्या आठवड्याशी करायची.

मराठी: 'मी शेवटी पोहोचलो' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगा. यातून जे कळेल ते कुठल्याही चाचणीतून कळणार नाही.

सहल ठरवण्याआधी स्वतःला विचारा

चढ किती मीटर? गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याला किती वेळ लागेल? मध्ये परतता येईल का? दुसरी वाट आहे का? ऋतू योग्य आहे का? या पाचही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिता आली तर सहल ठरवा. एकाचंही उत्तर 'बघू तेव्हा' असेल तर एक पायरी खाली या. पर्वतीही छानच आहे. वरून सगळ्या पेठा दिसतात, आपली शाळा शोधायची मजा वेगळी, आणि चाळीसच्या चाळीस मुलं वर असतात.

तुमच्या शाळेने कोणती वाट निवडली आणि वेळेचा हिशेब कितपत जुळला, ते जरूर कळवा.